आईंचा उजवा हात फाशांत गेला, त्याबद्दल खुलासा

तीर्थस्वरूप दादांना,

गुडघा अजून वाकत नसल्यामुळे साष्टांगातली जी अंगं सध्या चालू आहेत तेवढ्यांनी केलेला नमस्कार. (राहिलेलं अंग दुरुस्त झालं की पोचतं करीन.) तुमची कंबर कशी आहे? पट्टा बांधता की नाही? वहिनी म्हणत होत्या की तो तुम्ही खुर्चीच्या पाठीला बांधून ठेवला आहे आणि खुर्चीची तब्येत आता उत्तम आहे. आम्ही इकडे बरे आहोत. तुमची बहीण दिवसभर प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढते आणि संध्याकाळी माझं पिते, पण ते प्रेमानं, त्याबद्दल तक्रार नाही. आणि तुमच्या आई तर इतक्या बऱ्या आहेत की त्याचाच खुलासा करायला हे पत्र लिहितो आहे. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मला दुसऱ्या वाक्यालाच तोडता, आणि माझा मुद्दा सहसा पाचव्या-सहाव्या वाक्यात येतो.

परवा तुमचा फोन तुमच्या बहिणीनं घेतला तेव्हा मी स्वयंपाकघरात होतो, तरी मला सगळं ऐकू आलं. (फोन स्पीकरवर नव्हता.) आईंशी बोलताना तुम्हाला असं कळलं की त्या दर शनिवारी दुपारी एका परक्या गृहस्थाबरोबर फासे खेळतात, त्यात त्यांचा उजवा हात गेला, आणि दुसऱ्याच्या घरातली कुलूपबंद पेटी फोडल्याचा त्यांना जराही पश्चात्ताप नाही. तुम्ही विमा कंपनीत अपघातांची चौकशी करता, तेव्हा यावरून जुगार, अर्धांगवायू आणि घरफोडी असे निष्कर्ष काढलेत यात तुमची काही चूक नाही. रविवारी येऊन आईला कायमची घेऊन जातो, असंही तुम्ही म्हणालात. तुम्ही थोरले, अधिकार तुमचा. मी मध्ये एक अक्षर बोलणार नाही. फक्त झालं काय ते सांगतो, आणि ते सांगायला दुर्दैवानं माझ्यापासून सुरुवात करावी लागते.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. निदान तुमच्या घरात ते असणार. तुमच्या बैठकीच्या खोलीतला पंखा ज्या खोक्यातून आला, त्यात एक घडी घातलेला कागद होता. वहिनींनी तो आता कपाटाच्या खणात अंथरला असेल. तो मी लिहिलेला आहे. 'पाती फिरत असताना त्यांना हात लावू नये' हे माझं सर्वांत जास्त छापलं गेलेलं वाक्य. ते घरोघरी पोचलं आणि कोणीही वाचलं नाही. वाचलेला एकच माणूस मला आजवर भेटला, त्याच्या बोटांना पट्टी होती. (म्हणजे त्यानं नंतर वाचलं.) अशा लेखनानं माणसाचं पोट भरतं, मन भरत नाही. म्हणून मी दुसरीकडे हात-पाय मारायला लागलो.

कॉलेजात असताना आम्ही मित्र एक खेळ खेळायचो, रोल-प्लेइंगचा. मेजाभोवती चार-पाच जण बसतात. पट नाही, सोंगट्या नाहीत, पत्ते नाहीत. एक जण सूत्रधार होतो आणि सांगतो की तुम्ही एका पडक्या पुलावर उभे आहात, समोरून घोड्यांच्या टापा ऐकू येताहेत, काय करता? बाकीच्यांनी एकेक पात्र घेतलेलं असतं, कोणी तलवारबाज, कोणी वैदू, कोणी चोर. त्या पात्राचं होऊन त्यांनी आपण काय करतो ते सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फासे टाकून ठरवायचं. बस. सगळा कारभार तोंडी. आता सूत्रधाराला आयतं कथानक लागतं, त्याला मोहीम म्हणतात, आणि अशा मोहिमा छापणारे प्रकाशक आहेत, आणि ते प्रकाशक बाहेरच्या मुक्त लेखकांकडून लिखाण घेतात, हे मला ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी इस्त्रीचं माहितीपत्रक अर्धवट टाकून उठलो. (ती इस्त्री बाजारात आली तेव्हा ती बंद कशी करायची हे कागदावर नव्हतं. असो.)

पहिल्या मोहिमेची सुरुवात मी सृष्टीच्या उत्पत्तीपासून केली. मग खंड, मग समुद्र, मग एक साम्राज्य, त्याच्या राजांची वंशावळ, त्यांच्या भाऊबंदकीची कारणं, आणि हाताने काढलेला नकाशा. प्रकाशनाच्या संपादकबाईंना हे सगळं एका बाडात बांधून पाठवलं. त्यांचं उत्तर आलं की वंशावळ वाचली, तिसऱ्या राजाचं वाईट वाटलं, पण एवढा वेळ खेळायला बसलेली माणसं काय करतील? त्यांनी हेही सुचवलं की नवख्यानं आधी थोडक्यात कल्पना कळवावी, सगळं बाड पाठवू नये. आणि एका बैठकीत संपेल असं काहीतरी लहान लिहावं: एक गाव, एक अडचण, कोणाला तरी काहीतरी हवं असलेलं. मी आठवडाभर तुमच्या बहिणीला ऐकवत होतो की या बाईंना भव्यता कळत नाही. ती म्हणाली की तुला लहान कळत नाही. (यावर आमचं जे झालं ते इथे लिहीत नाही, तुम्ही तिची बाजू घ्याल.)

मग मी लहान लिहिलं. एक गाव, गावाबाहेर डोंगरात गुहा, गुहेत ड्रॅगन, ड्रॅगनखाली सोनं. गाव आणि गावातली सराई मी चार ओळींत उरकली आणि गुहेवर जीव ओतला. कुठल्या फरशीवर पाय पडला की भाले निघतात, कुठली पेटी उघडली की पातं खाली येतं, पावसाळ्यात पाण्याचा निचरा कुठून होतो, सगळं. बाईंचं उत्तर एका ओळीचं होतं: खेळवून पाहिलंत का? म्हणजे त्यांचा नियमच आहे, की मोहीम आधी अशा माणसांबरोबर खेळून बघायची ज्यांना लेखकाच्या डोक्यात काय आहे ते माहीत नाही आणि जी लेखकाची भीड धरणार नाहीत. माझ्या जुन्या मित्रांपैकी एक परदेशी आहे आणि दुसऱ्याला जुळं झालंय, तो फोनवर बोलता बोलता झोपतो. राहिले घरातले. भीड न धरण्याबद्दल तुमच्या बहिणीला विचारलं तर ती म्हणाली, काळजी करू नकोस. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना विचारलं तर ते तलवारबाज व्हायच्या अटीवर एका पायावर तयार झाले. हा माणूस दिवसभर लोकांना 'दुखणार नाही हं' म्हणत असतो. एकदा तरी कोणाला दुखवायचं हे त्यांच्या मनात फार वर्षं असावं. तुम्ही म्हणता ते परके गृहस्थ ते हेच.

आता आईंचं. त्यांच्या घरातला नळ फुटून जमीन उकरावी लागली म्हणून त्या आमच्याकडे आल्या, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्या कशा राहत होत्या ते आम्ही तुम्हाला कळवलं नव्हतं. बॅग पलंगाखाली भरलेलीच. रोज सकाळी तिच्यातून लागेल तेवढं काढायचं आणि पुन्हा चेन लावून टाकायची, फलाटावर बसल्यासारखी. बाबा गेल्यापासून त्यांचं बोलणं कमी झालंच होतं, आमच्याकडे तर 'चालेल' आणि 'मला काय' एवढ्यावर दिवस निभत होता. जेवायला काय करू? चालेल. खिडकी उघडू की लावू? मला काय. ज्या बाई मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर असताना नुसत्या चपलांच्या आवाजानं अख्खा मजला चिडीचूप करायच्या, त्यांना असं बोलताना ऐकून तुमची बहीण न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडायची. (नळ कशासाठी, हे मला लग्नाच्या इतक्या वर्षांत कळलेलं आहे. मी बाहेर उभा राहून टॉवेल घडी करत बसायचो.)

त्या शनिवारी दुपारी आम्ही जेवणाच्या मेजावर खेळायला बसलो तेव्हा आई मटार सोलायला तिथे आल्या, तेही मेजावर उजेड बरा म्हणून. मी औपचारिकपणे विचारलं की एक पात्र घेता का. त्या म्हणाल्या, चालेल. मग कोणतं, म्हणून मी वैदू, जोगीण, राजकन्या अशी बायकांना शोभतील म्हणून मला वाटणारी नावं सांगितली. (हसू नका, मी नंतर भोगलं.) त्यांनी मटार सोलणं थांबवलं आणि म्हणाल्या, "चोर द्या. जन्मभर सगळ्या किल्ल्या माझ्याच कमरेला होत्या. एकदा किल्लीशिवाय उघडून बघू दे."

दादा, मोहीम अशी लिहिलेली होती की पात्रं सराईत येतात, सराईवाला एकच वाक्य बोलतो, 'गुहा उत्तरेला आहे', आणि सगळे उत्तरेला जातात. आई गेल्या नाहीत. त्यांनी सराईवाल्याला बसवून घेतलं. म्हणजे मलाच, कारण सूत्रधार या नात्यानं सराईवाला मीच होतो. तुझं नाव काय, घरी कोण कोण आहे, असं सुरू झालं. मग विचारलं की ड्रॅगन गावची गुरं खातो म्हणतोस तर या रश्श्यात मांस कुठून आलं? मी म्हटलं, शेजारच्या गावाहून. शेजारच्या गावाला ड्रॅगन नाही का? मी म्हटलं, त्याला तिकडे जायला आवडत नाही. का आवडत नाही? वसतिगृहात रात्री भिंत चढून आलेल्या मुलींनाही त्यांनी याच सुरात विचारलं असेल. तिकडे दातांचे डॉक्टर तलवारीला धार लावत होते. पहिल्या तासाला त्यांनी धार लावली, दुसऱ्या तासालाही धारच लावली, आणि मग दीनवाण्या आवाजात विचारलं की आपण गुहेत कधी जाणार. आई म्हणाल्या, थांबा, याची पेटी बघू. आणि सराईवाल्याच्या खोलीत शिरून पेटी उघडायला गेल्या. मी रागानं गुहेतलं पातं उचलून त्या पेटीत बसवलं. फासे पडले वाईट. उजवा हात मनगटापासून गेला.

हाच तो हात. तो सगळा आठवडा त्या डाव्या हातानं चहा पीत होत्या, कारण पात्राचा हात गेला असताना आपण उजवा वापरणं त्यांना खोटेपणा वाटत होता. वैदू असलेल्या तुमच्या बहिणीनं पुढच्या शनिवारी फासे टाकून तो परत बसवला. आता तो उत्तम आहे, त्यानं काल त्यांनी मला एक धपाटाही घातला.

पण त्या पहिल्या दिवशी प्रश्न पेटीत काय निघालं हा होता, आणि ते मी लिहिलेलंच नव्हतं. हात गमावलेल्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मी तोंडाला येईल ते बोललो: पेटीत तलवारी आहेत, ढाली आहेत, शिरस्त्राणं आहेत, सगळी वेगवेगळ्या मापांची. आईंनी हातातली शेंग खाली ठेवली. मग शांतपणे म्हणाल्या की हे आधी आलेल्या शूरांचं सामान. ड्रॅगन मारायला दुरून माणसं येतात, सराईत उतरतात, खातात-पितात, गुहेत जातात आणि परत येत नाहीत, आणि यांचं सामान हा विकतो. ड्रॅगन गेला तर याची सराई बसेल. त्याला कोंडून ठेवणारा हाच. डॉक्टरांनी धार लावायचं थांबवलं. माझ्या अंगावर, खरं सांगतो, काटा आला, कारण सराईवाला मीच होतो आणि मलाही हे तेव्हाच कळलं.

पुढे त्यांनी ड्रॅगनला निरोप धाडला. मी ड्रॅगनसाठी घोगरा आवाज काढला तर आईंनी विचारलं की घसा धरलाय का. मग निघालं असं, की तो पिल्लू असताना आत शिरला, सराईवाल्यानं पोचवलेली गुरं खाऊन आत मोठा झाला, आणि आता गुहेच्या तोंडातून त्याला बाहेर पडता येत नाही. सोन्यावर झोपून त्याची पाठ धरली आहे. (तुमच्या कंबरेची मला तेव्हाही आठवण झाली.) शेवटी डॉक्टरांनी ती धार लावलेली तलवार पहार म्हणून वापरली आणि गुहेचं तोंड रुंद केलं, आणि ड्रॅगन उडून गेला तेव्हा या शहाण्या माणसानं चष्मा काढून डोळे पुसले. माझ्या भाल्यांच्या फरशीवर, निचऱ्यावर, एकाही सापळ्यावर कोणाचा पाय पडला नाही.

मी फार दुखावलो. दोन दिवस कोणाशी धड बोललो नाही. माझं लिखाण कोणालाच नको आहे, पंख्याचंही नको आणि ड्रॅगनचंही नको, असा सूर लावून बसलो होतो. तुमची बहीण कामावरून आली, पर्सही न ठेवता समोर बसली आणि म्हणाली, "तू लिहिलं होतंस ते आम्ही ऐकलं नाही हे खरं. पण तू बोललास ते आम्ही सगळ्यांनी कान देऊन ऐकलं. ते लिही." एवढंच बोलून ती हात धुवायला गेली. त्याच संध्याकाळी आईंच्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज आला. त्या बॅगेतले कपडे काढून कप्प्यात लावत होत्या. मला बघून म्हणाल्या की पुढच्या शनिवारी लवकर बसायचं, डॉक्टरांना सांगून ठेवा. 'चालेल' म्हणाल्या नाहीत. दादा, तुमची बहीण त्या दिवशी पुन्हा न्हाणीघरात गेली, पण या वेळी नळ सोडायचं विसरली.

मी लिहिलं. गुहा एका परिच्छेदात आणली, जीव ओतला तो सराईवाल्यात. संपादकबाईंनी मोहीम घेतली. कापाकापी बरीच केली, विशेषणांचा तर त्यांनी मुळासकट नायनाट केला, पण एका ठिकाणी समासात लिहिलं की सूत्रधाराला केलेल्या तुमच्या सूचना फार स्पष्ट असतात, हे या धंद्यात दुर्मीळ आहे, आधी काय करत होतात? 'ड्रॅगन बोलत असताना त्याच्या तोंडासमोर उभे राहू नये' या वाक्याखाली त्यांनी चक्क रेघ मारली होती. पंख्यानं शिकवलेलं कुठे उपयोगी पडेल काही सांगता येत नाही.

पुस्तक गेल्या आठवड्यात आलं. वास घेतला, छातीशी धरलं, मग श्रेयनामावलीचं पान उघडलं. तिथे 'लेखन' या शब्दापुढे आईंचं नाव आहे, आणि माझं 'खेळून पाहिले' यापुढे डॉक्टरांच्या खाली. चूक माझीच म्हणायची, कारण बाडासोबतच्या मजकुरात मी आईंचे उपकार इतके लांबण लावून मानले होते की तिथल्या कोणाचा तरी गैरसमज झाला. (त्या मजकुराला कोणी कात्री लावली नाही, नेमकी तिथे हवी होती.) संपादकबाईंनी मनापासून माफी मागितली आहे, पुढच्या छपाईत दुरुस्त होईल. तोवर मी छापून आलेला लेखक आहे हे तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवून मानावं. आई ते पुस्तक पिशवीत घालून भाजी आणायलाही नेतात.

तर असा हा जुगार. तुमच्या मनातलं किल्मिष गेलं असेल तर पत्राचं सार्थक झालं. वहिनींना नमस्कार, कंबरेला जपा, आणि माझ्यावर सध्या जेवढा लोभ आहे तेवढाच राहू द्या, वाढवलात तर मला संशय येईल.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा

ता. क. पुस्तक वेगळ्या टपालानं पाठवतो आहे. श्रेयनामावलीचं पान मी चिकटवून टाकलं आहे, ते उलगडू नये.

ता. क. दुसरा. मध्ये एक अक्षर बोलणार नाही म्हणालो होतो, पण लिहायला हरकत नसावी. दादा, कृपा करून रविवारी येऊ नका. तुमच्याकडे रंगकाम काढलंय असं सांगा, पाहुण्यांच्या खोलीला ओल आली म्हणा, वहिनींचा भाऊ येऊन राहिलाय म्हणा, काय वाटेल ते म्हणा. माझी पुढची मोहीम जहाजावरची आहे, ती देण्याची मुदत जवळ आली आहे, आणि गेल्या शनिवारी आईंनी विचारलं की कप्तान बंदरावर उतरायला का घाबरतो. मला उत्तर माहीत नाही. त्यांना माहीत आहे, पण सांगत नाहीत, म्हणतात की तुम्हीच शोधा. त्या गेल्या तर कप्तान जन्मभर जहाजावर राहील. आणि घरात फार शांत होईल.

ता. क. तिसरा. चि. दादास अनेक आशीर्वाद. अक्षर ओळखलं असशीलच. जावईबापू पाकिटासाठी डिंक शोधायला गेलेत. तो मी लपवलाय, तेव्हा वेळ आहे. वरचं बरंचसं खरं आहे, फक्त मटार नव्हते, गवार होती. तू रविवारी येच. मला न्यायला नको, मी कुठे जात नाही, कपाट लावून झालंय. काम वेगळं आहे. त्या संपादकबाईंचा मला फोन आला होता, जहाजाची मोहीम तुम्हीच लिहा म्हणाल्या. मी हो म्हणून बसले. दोघांची नावं छापायची आणि जावईबापूंचं आधी, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय, पण यांना अजून सांगितलेलं नाही आणि माझ्याच्यानं सांगवत नाही. तुझी बहीण म्हणते तिला हसू येईल. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, दुखणार नाही असं सांगून टाका. तर ते तू सांग. लोकांच्या घरी जाऊन वाईट बातम्या सांगायचंच तुझं काम आहे, आणि तुझ्यासमोर हे रडणार नाहीत. मात्र दारातून आत शिरताना तोंड गंभीर ठेवू नकोस. ते लगेच ओळखतील. चेहऱ्यावरचं वाचायला त्यांना मीच शिकवलंय.